सल्ला कोणाचा, जोखीम कोणाची



कर्मवीर भाऊराव पाटलांच्या स्मृतीला वाहिलेल्या या व्याख्यानमालेसाठी आयोजकांनी मला विषय दिला तो असा : शाळेने मुलांना जास्त पगाराच्या अभ्यासक्रमांकडे वळवावे का? अर्थशास्त्र शिकवण्यात माझे आयुष्य गेले. त्यामुळे पैशाच्या बाजूने बोलेल असा माणूस त्यांना हवा असावा. पैशाबद्दल मी बोलणारच आहे, आणि मोकळेपणाने बोलणार आहे. पण उत्तर आधीच सांगून टाकतो. शाळेने पगाराबद्दल मुलांना सगळे सांगावे, काहीही हातचे राखू नये. आणि पगाराकडे बोट दाखवून कोणाला वळवू मात्र नये. माहिती देणे आणि वळवणे ही दोन वेगळी कामे आहेत, आणि दोन्हींची जबाबदारीही वेगळी आहे.

ही जबाबदारी काय असते ते कर्मवीरांच्याच चरित्रात दिसते. भाऊरावांना बाजार कळत नव्हता असे कोणी म्हणणार नाही. त्यांनी ओगल्यांच्या काचकारखान्याचा माल विकला, किर्लोस्करांचे नांगर विकले, साताऱ्यात कूपरांचा कारखाना उभा राहण्यात त्यांचा वाटा होता. शेतकऱ्याला कशाचे पैसे मोजावेसे वाटतात आणि कशाचे नाही, हे त्यांनी गावोगाव फिरून पाहिले होते. १९१९ साली काले येथे त्यांनी रयत शिक्षण संस्था काढली आणि १९२४ मध्ये साताऱ्यात वसतिगृह सुरू केले. त्यांनीही मुलांना वळवले, हे विसरून चालणार नाही. १९३५ साली साताऱ्यात त्यांनी अध्यापक विद्यालय काढले आणि बहुजन समाजातली कितीतरी पोरे शिक्षकी पेशात आणली. पण ते करताना दुसऱ्या हाताने ते खेड्यापाड्यांत शेकडो व्हॉलंटरी शाळा उघडत होते. शिक्षक हो, असे ज्याला सांगितले त्याच्यासाठी शाळा उभी करण्याचे काम सांगणाऱ्याने स्वतःच्या अंगावर घेतले होते. त्याआधी वसतिगृहातल्या मुलाचे दोन घास चुकले तेव्हा त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंच्या अंगावरचे दागिने गेले होते. सल्ला देणारा आणि त्या सल्ल्याची जोखीम वाहणारा, दोघे एकाच घरात राहत होते.

आज मुलाला वळवणाऱ्यांपैकी ही जोखीम कोण घेतो? माझ्या सगळ्या बोलण्याचा रोख या एका प्रश्नावर आहे.

दहावीचा निकाल लागला की काय होते ते तुम्हाला माझ्याइतकेच ठाऊक आहे. ऐंशीच्या वर टक्के पडले तर सायन्स, साठ ते ऐंशी तर कॉमर्स, उरलेले आर्ट्सला. या वाटणीला मुलाच्या आवडीचा आधार नसतो, मार्कांचा असतो आणि मार्कांमागून येणाऱ्या अपेक्षित पगाराचा असतो. ज्या मुलीने इतिहासात पैकीच्या पैकी मार्क मिळवले तिला शिक्षकच म्हणतात, एवढे मार्क आर्ट्सला वाया कशाला घालवतेस. चौकातल्या फ्लेक्सवर गेल्या वर्षी ‘लागलेल्या’ मुलांचे फोटो असतात. न लागलेल्यांचे फोटो लावायची पद्धत नाही, म्हणून पालकाला शंभरातले किती लागले हे कधीच कळत नाही. लातूरला, नांदेडला, पुण्याला खोली घेतली जाते. कनिष्ठ महाविद्यालयात फक्त नाव असते, मुलगा दिवसभर क्लासात. २०२४ साली वैद्यकीय प्रवेशाच्या नीट परीक्षेसाठी देशभरातून सुमारे २४ लाख मुलांनी नोंदणी केली. एमबीबीएसच्या जागा होत्या एक लाखाच्या थोड्या वर, आणि त्यांतल्या जवळजवळ निम्म्याच सरकारी. हे गणित सातवीच्या मुलाला जमेल इतके सोपे आहे. तरी किती शाळांत ते फळ्यावर मांडले जाते?

राज्य मंडळाने २०१६ पासून काही वर्षे दहावीच्या मुलांची कल चाचणी घेतली. कृषी, वाणिज्य, ललित कला, आरोग्य, तांत्रिक, मानव्यविद्या, अगदी गणवेशधारी सेवासुद्धा, अशा सात क्षेत्रांत मुलाचा कल पाहिला जाई. हेतू चांगला होता. पण तो अहवाल हातात घेऊन मुलाशेजारी तासभर बसेल असा माणूस बहुतेक शाळांत नव्हता. कागद गुणपत्रिकेला टाचला गेला आणि प्रवेश मार्कांवरच झाले.

आता एक गोष्ट सविस्तर सांगतो, कारण ती आपल्या डोळ्यांदेखत घडली आणि तिच्यातून आपण पुरेसे शिकलो नाही. गोष्ट डी.एड.ची आहे.

साधारण २००० ते २०१० हे दशक आठवा. बारावीनंतर दोन वर्षे डी.एड. केले की जिल्हा परिषदेत शिक्षकाची नोकरी, असा सगळ्यांचा हिशेब होता. सरकारी अध्यापक विद्यालयात प्रवेश मिळायला बारावीला उत्तम टक्के लागत. इंजिनिअरिंगला जाऊ शकणारी मुले-मुली डी.एड.ला आली. गावाकडच्या हुशार मुलीसाठी तर तो सर्वांत प्रतिष्ठेचा मार्ग होता : घराजवळ नोकरी, महिन्याच्या महिन्याला पगार, लग्नाच्या बाजारात वजन. शाळांतले शिक्षक मनापासून सल्ला देत होते आणि सल्ल्यात त्या दिवसापुरते काही चुकत नव्हते. मग खासगी अध्यापक विद्यालये निघू लागली. राज्यात त्यांची संख्या हजारावर गेली. काही ठिकाणी देणगी देऊन प्रवेश होऊ लागले, आणि त्या देणगीसाठी सातबाऱ्यावर बोजा चढू लागला.

२०१० मध्ये शिक्षक भरतीची सीईटी झाली. २०१२ मध्ये भरतीवर बंदी आली. २०१३ च्या डिसेंबरात टीईटी सुरू झाली, म्हणजे पदविकाधारकाला आणखी एक परीक्षा. २०१७ मध्ये अभियोग्यता चाचणी आली, तिच्यामागून शिक्षक भरतीचे पवित्र पोर्टल. २००९ साली डी.एड.ला प्रवेश घेतलेल्या मुलीचा विचार करा. ती पास होऊन बाहेर पडली तेव्हा दार बंद होत होते. ते किलकिले झाले तेव्हा तिचे लग्न झाले होते, एक-दोन मुले झाली होती, आणि वयोमर्यादेचा प्रश्न पुढे उभा होता. अशा लाखो मुली-मुलांनी कोणते काम धरले, याची नोंद ना त्यांच्या हायस्कुलात आहे, ना त्यांच्या अध्यापक विद्यालयात. विद्यालये एकामागून एक बंद पडली. संस्थाचालकांनी त्याच इमारतीत दुसरे काही सुरू केले. मुलीला मात्र आपली दोन वर्षे दुसऱ्या कशात बदलून घेता आली नाहीत.

आणि याचा पुढचा भाग अधिक लक्षात ठेवण्यासारखा आहे. डी.एड.कडे मुले फिरकेनाशी झाली, जागा रिकाम्या राहू लागल्या, आणि इकडे जिल्हा परिषदेच्या शाळांत शिक्षक कमी पडू लागले. २०२३ मध्ये शासनाने सेवानिवृत्त शिक्षकांना महिना २० हजार रुपये मानधनावर पुन्हा वर्गात बोलावले. एका बाजूला पदविका घेऊन घरी बसलेली पिढी, दुसऱ्या बाजूला शिक्षक नसलेली शाळा.

हे चक्र अर्थशास्त्राला जुनेच ओळखीचे आहे. लासलगावच्या परिसरातल्या शेतकऱ्याला ते पुस्तकाशिवाय समजते. यंदा कांद्याला भाव मिळाला की पुढच्या हंगामात सगळे कांदाच लावतात आणि काढणीच्या वेळी भाव कोसळतो. मग लावणी कमी होते आणि भाव पुन्हा चढतो. एझिकिएल या अमेरिकी अर्थतज्ज्ञाने १९३८ साली या चक्राची रीतसर मांडणी केली. पुढे हार्वर्डच्या रिचर्ड फ्रीमन यांनी १९७६ मध्ये तीच मांडणी अमेरिकेतल्या इंजिनिअरांच्या पहिल्या पगाराला लावून दाखवली. पगार वाढलेला दिसतो, मुले प्रवेश घेतात, चार-पाच वर्षांनी सगळी एकदम बाहेर पडतात आणि पगार खाली येतो. शाळेला दिसतो तो आजचा पगार. मुलाला मिळणार असतो तो पाच-सहा वर्षांनंतरचा. आणि शाळा, क्लास, शेजारी, मामा सगळे एकच दिशा दाखवू लागले की त्या दिशेचा पगार खाली आणण्याचे काम तेच करत असतात.

फरक एवढाच, की कांदा लावणारा पुढच्या वर्षी मका लावू शकतो. पदवी पुन्हा लावता येत नाही.

इंजिनिअरिंगची कथा थोडक्यात सांगतो, कारण ती सर्वांना पाठ आहे. १९८३ साली वसंतदादा पाटलांच्या सरकारने विनाअनुदानित खासगी अभियांत्रिकी महाविद्यालयांना परवानगी दिली. त्या निर्णयाने कितीतरी घरांत पहिला इंजिनिअर आला, आणि जे मिळाले ते मी नाकारणार नाही. पुण्यात, मुंबईत आणि परदेशांत आज जी मराठी मध्यमवर्गीय वस्ती दिसते तिच्यातला मोठा भाग त्या दाराने आत आला. पण दार उघडे राहिले आणि आत किती माणसे मावतील हे कोणी मोजले नाही. २०१० च्या दशकात राज्यातल्या इंजिनिअरिंगच्या जागांपैकी तिसऱ्या हिश्श्याहून अधिक जागा रिकाम्या राहण्याची वेळ आली. २०२० मध्ये अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने नवी महाविद्यालये काढण्यावर स्थगिती आणली, २०२३ मध्ये ती उठवली आणि पुढच्याच वर्षी चांगल्या संस्थांसाठी प्रवेशक्षमतेची कमाल मर्यादाही काढून टाकली. मग संगणकशास्त्राच्या तुकड्या वाढल्या आणि सिव्हिल, मेकॅनिकलचे वर्ग ओस पडू लागले. मोठ्या सॉफ्टवेअर कंपन्यांत नव्या मुलाला मिळणारा वार्षिक पगार मात्र दहा-बारा वर्षे साडेतीन लाखांच्या आसपासच घुटमळत राहिला. त्या काळात फी वाढली, खोलीभाडे वाढले, सगळ्याचीच महागाई वाढली. म्हणजे खरा पगार घटला. ज्या घरात ‘पॅकेज’ हा शब्द रोज उच्चारला जातो तिथे ही एक ओळ कोणी सांगत नाही.

इथपर्यंत ऐकून कोणी म्हणेल, मग मुलांना सांगून टाकू या की पैशाचा विचार सोडा, जे आवडते ते करा. हे मला मुळीच मान्य नाही. दोन एकर कोरडवाहू जमीन, घरात आजारी आजी, पाठची बहीण शिकायची आहे, अशा मुलाला ‘आवडीच्या मागे जा’ असे सांगणे निष्ठुरपणाचे आहे. ज्याच्या मागे वडिलांचे घर आणि पेन्शन आहे त्याला पाच वर्षे चाचपडता येते. ज्याच्या मागे काहीच नाही त्याला पगाराची माहिती सगळ्यांत जास्त हवी असते, आणि ती त्यालाच सगळ्यांत कमी मिळते.

शिवाय विषयाने कमाईत फरक पडतो, हे खरे आहे. नॉर्वेत प्रवेश गुणांवर केंद्रीय पद्धतीने होतात. एखाद्या शाखेचा कटऑफ अगदी थोडक्यात ओलांडलेला आणि थोडक्यात हुकलेला, अशी मुले तिथे शेजारी-शेजारी ठेवून पाहता येतात. किर्केबोएन, लेउवेन आणि मोगस्टाड या तिघांनी २०१६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असे आढळले की कोणती शाखा घेतली यावरून पुढच्या कमाईत पडणारा फरक मोठा असतो. महाविद्यालयात गेलो की नाही गेलो यातल्या फरकाच्या तोडीचा. तेव्हा बी.ए. काय आणि बी.ई. काय, सगळे सारखेच, असे आपण मुलांना सांगू लागलो तर ते खोटे ठरेल.

आपल्याकडे बी.ए.ला जाणाऱ्या मुलांना तर आपण काहीच सांगत नाही. तालुक्याच्या कॉलेजात आर्ट्सच्या वर्गात बसलेल्या किती जणांनी ती शाखा निवडली आहे? बहुतेक तिथे उरले म्हणून आहेत. तीन वर्षे संपली की पोलीस भरती किंवा एमपीएससी. मग पुण्याच्या पेठांत कॉट बेसिसवर जागा, मेसचा डबा, अभ्यासिकेतली खुर्ची, आणि वय सरकत राहते. काही शे जागांची जाहिरात, अर्ज लाखांनी. हाही एक पगारापायी ओढला गेलेला कळपच आहे, फक्त पगार सरकारी आहे. वर्गात शिकवत असताना मला सर्वांत जास्त काळजी याच मुलांची वाटत आली. त्यांच्यापैकी अनेकांना भाषा उत्तम येते, समाज कळतो, माणसांशी बोलता येते. या गोष्टींना बाजारात किंमत आहे, पण ती कुठे आणि कशी मिळते हे त्यांना सांगणारे कोणी भेटलेले नसते.

नॉर्वेच्या अभ्यासाचा दुसरा निष्कर्ष आपल्या विषयासाठी अधिक महत्त्वाचा आहे. मुले साधारणपणे ज्या शाखेत स्वतः अधिक चालतील तीच पसंत करताना दिसली. म्हणजे ज्याने तंत्रज्ञान मागितले त्याला तंत्रज्ञानात मिळणारा फायदा, आणि ज्याने दुसरे काही मागितले त्याला ढकलून तंत्रज्ञानात घातले तर मिळेल तो फायदा, हे दोन सारखे नसतात. मुलाच्या पसंतीत त्याच्या भावी कमाईची माहिती दडलेली असते. सरासरी पगाराचा आकडा दाखवून आपण ती पसंती मोडली तर मुलाच्या कमाईवरच घाव घालतो. हे भावनेच्या भरात म्हणत नाही, हा हिशेबच आहे. आणि सुरुवातीचा पगार म्हणजे आयुष्यभराचा पगार नव्हे. अमेरिकेतल्या आकड्यांवरून डेमिंग आणि नोरे यांनी २०२० मध्ये दाखवले की संगणक-अभियांत्रिकीसारख्या शाखांची आघाडी नोकरीच्या पहिल्या दहा वर्षांत निम्म्याहून अधिक विरते, कारण त्या कामांतली कौशल्ये भराभर जुनी होतात. अमेरिका वेगळी, हे मान्य. पण चाळिशीला पोचलेल्या आपल्या सॉफ्टवेअरवाल्या मुलांशी जरा बोलून पाहा.

इथे मला आणखी एका धोक्याकडे वळायचे आहे. ‘सगळ्यांना इंजिनिअर कशाला करता, हाताला काम शिकवा, आयटीआयला घाला’ असे आता शिकलेले लोक सहज म्हणतात. बोलणाऱ्याच्या घरातला मुलगा क्वचितच आयटीआयला असतो. जोतीराव फुल्यांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे निवेदन दिले तेव्हा खेड्यातल्या शाळेत मोडी, बालबोध, हिशेब, इतिहास-भूगोल आणि त्यांबरोबर शेतीचे प्राथमिक ज्ञान हवे, असे मागितले. त्यांनी व्यवहाराचे ज्ञान मागितले, पण अक्षराच्या बदल्यात नव्हे, अक्षराच्या जोडीने. १९३७ मध्ये वर्ध्याला नई तालीमची, म्हणजे हस्तोद्योगातून शिक्षण देण्याची, योजना मांडली गेली तेव्हा खेड्यातल्या मुलाला टकळी आणि शहरातल्या मुलाला पुस्तक अशी वाटणी होईल की काय, ही शंका अनेकांच्या मनात होती, आणि ती रास्त होती. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९४६ साली मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय काढले ते कला आणि विज्ञानाचे. ज्यांना पिढ्यानपिढ्या कामच नेमून दिलेले होते त्यांच्या मुलांसाठी पुन्हा एक नेमून दिलेले काम शोधणे बाबासाहेबांना मंजूर नव्हते, असा मी त्याचा अर्थ लावतो. स्वतः ते १९१३ साली सयाजीराव गायकवाडांच्या शिष्यवृत्तीवर कोलंबियाला गेले आणि अर्थशास्त्र शिकले. त्या काळी कोणी त्यांना पगाराच्या हिशेबाने एखाद्या सोयीच्या शाखेत घातले असते तर काय झाले असते, याचा विचारसुद्धा करवत नाही.

हाताच्या कामाचे शिक्षण द्यायचे असेल तर ते सगळ्यांना द्यावे. पुणे जिल्ह्यात शिरूर तालुक्यातल्या पाबळ गावी डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी विज्ञान आश्रम सुरू केला, तोही १९८३ सालीच. ज्या वर्षी राज्याने खासगी इंजिनिअरिंगचे दार उघडले त्याच वर्षी, अमेरिकेत डॉक्टरेट केलेला आणि मोठ्या कंपनीच्या संशोधन विभागातला हा माणूस दुष्काळी गावात येऊन बसला. त्यांच्या कामातून माध्यमिक शाळांसाठी मूलभूत तंत्रज्ञानाचा विषय तयार झाला : मूल वेल्डिंग करते, विजेची जोडणी करते, माती तपासते, रक्तातले हिमोग्लोबिन मोजते. त्यातून कोणाला फिटर करायचा हेतू नव्हता. हाताने केले की डोक्याला कळते, आणि आपल्याला काय जमते ते मुलाला स्वतःला उमगते, हा त्यामागचा विचार. चौदाव्या-पंधराव्या वर्षी स्वतःची ओळख होण्याचा याहून चांगला मार्ग मला माहीत नाही. फॉर्ममधले रकाने भरून ती ओळख होत नाही.

समाजाला काही कामे हवी असतात पण त्यांना पगार कमी असतो, ही आणखी एक गाठ आहे. नर्स हवी, शिक्षक हवा, आणि आपण मुलांना सांगतो की तिकडे जाऊ नका, पैसे नाहीत. मग पैसे का नाहीत, हे विचारायचे कोणी? २००० साली शिक्षणसेवक योजना आली तेव्हा प्राथमिक शिक्षणसेवकाचे मानधन महिना ३ हजार रुपये होते. पुढे ते ६ हजार झाले आणि २०२३ मध्ये १६ हजार. तीन वर्षे या मानधनावर राबायचे, तेही नोकरी मिळाली तर. हुशार मुलीने शिक्षकी पेशाकडे पाठ फिरवली तर तिच्या शाळेने तिला समजावण्यात काय अर्थ आहे? इथे वळण घ्यायचे आहे ते शासनाच्या अंदाजपत्रकाने. फी वरखाली करून मुलांना वळवण्याचा प्रयोग ऑस्ट्रेलियाने करून पाहिला. २०२१ पासून त्यांनी मानव्यविद्यांची फी दुपटीहून जास्त केली आणि गणित, शेती, नर्सिंग, अध्यापन यांची कमी केली. मुलांच्या निवडीत फारसा बदल झाला नाही. इतिहास शिकणारी इतिहासच शिकली, फक्त डोक्यावर कर्ज जास्त घेऊन. २०२४ मध्ये त्यांच्याच सरकारने नेमलेल्या समितीने ही पद्धत फसल्याचे सांगितले. इथेही जोखीम कोणाच्या वाट्याला गेली, ते पाहा.

मग शाळेने करायचे काय? पहिली गोष्ट, सगळी दारे शक्य तितकी उघडी ठेवायची. दहावीपर्यंत गणित सोडू द्यायचे नाही. मराठीत स्वच्छ लिहिता आले पाहिजे, इंग्रजी वाचून समजले पाहिजे. ज्या मुलीला टक्केवारी, व्याज आणि आलेख कळतो ती आर्ट्सला गेली तरी उद्या बँकेत, सर्वेक्षणात, पत्रकारितेत, स्वतःच्या धंद्यात उभी राहते. आणि वाक्य नीट लिहिता येत नसलेला इंजिनिअर पुढे कुठे अडतो, हे कंपन्यांत माणसे निवडणाऱ्यांना विचारावे. वळवण्यात आपण जेवढी शक्ती घालतो तेवढी या पायाभरणीत घातली तर वळायची वेळ येईल तेव्हा मूल स्वतः वळेल.

दुसरी गोष्ट माहितीची, आणि तिच्यासाठी शाळेकडे एक साधन आधीच आहे. प्रत्येक शाळेत जनरल रजिस्टर असते. मूल कोणत्या तारखेला आले, कोणत्या गावचे, आधीची शाळा कोणती, दाखला कधी नेला, सगळे त्यात असते. दाखला दिल्यानंतर मात्र रकाना संपतो. माझी सूचना अशी, की तो रकाना पुढे वाढवावा. दहा वर्षांपूर्वी दहावी झालेल्या तुकडीतल्या प्रत्येकाला शाळेने दर वर्षी शोधून काढावे, लागलेल्यांना आणि न लागलेल्यांनाही. काय शिकलात, किती खर्च आला, कर्ज काढले का, ते फिटले का, आज काय करता, महिना किती हातात पडतो, पुन्हा निवडायचे झाले तर काय घ्याल? नावे गाळून ही माहिती नववीच्या वर्गाला द्यावी. एमआयडीसीत सीएनसी चालवणारा, मुंबईत नर्सिंग करणारी, डिप्लोमा करून रोपवाटिका काढलेला, बी.ए.नंतर सहा वर्षे परीक्षा देऊन गावी परतलेला, बंगळुरूत सॉफ्टवेअरमध्ये असलेला, सगळे त्या कागदावर असतील. एकाच गावची, एकाच शाळेची, एकसारख्या घरांतली ही मुले. फ्लेक्सवरच्या फोटोपेक्षा नववीच्या मुलाला यातून कितीतरी जास्त कळेल, आणि राष्ट्रीय सरासरीच्या आकड्यापेक्षाही जास्त. मुलींच्या नोंदी तर मुद्दाम घ्याव्यात, कारण लग्नानंतर त्यांचे शिक्षण कुठे थांबले आणि का थांबले, हे आपण सोयीने विसरतो.

हे काम शिक्षकांनी करायचे म्हटले की समोरच्या चेहऱ्यांवर काय उमटते ते मला दिसते आहे. मतदारयाद्या, सर्वेक्षणे, पोषण आहाराच्या नोंदी, रोजची ऑनलाइन माहिती, आणि वर हे. त्यांचे म्हणणे बरोबर आहे. म्हणूनच मी संस्थाचालकांकडे आणि शासनाकडे मागणी करतो की प्रत्येक केंद्रात, म्हणजे दहा-पंधरा शाळांमागे, एक पूर्णवेळ समुपदेशक नेमावा, त्याला दुसरे कोणतेही काम देऊ नये, आणि कोणत्याही क्लासशी किंवा महाविद्यालयाशी त्याचा आर्थिक संबंध नसावा. हे शेवटचे कलम नेमणूकपत्रातच असावे. प्रवेशामागे दलाली घेणारी माणसे आज शाळांच्या दारात उभी आहेत आणि मार्गदर्शनाच्या नावाने वर्गात येतात. त्यांना वर्गाबाहेर ठेवण्याचा अधिकार मुख्याध्यापकाकडे आजही आहे, त्यासाठी कोणत्या शासननिर्णयाची वाट पाहायला नको. समुपदेशक मिळेपर्यंत जनरल रजिस्टरचे काम माजी विद्यार्थी संघाने उचलावे. दहा वर्षांपूर्वीच्या एका तुकडीत साठ-सत्तर नावे असतात. निम्म्यांचे फोन नंबर गावात चार जणांना विचारले तर संध्याकाळपर्यंत मिळतील. उरलेल्या निम्म्यांना शोधायला मात्र महिना लागेल, आणि शोधायचे आहे ते त्यांनाच.